यांत्रिक हृदयसाहाय्य आणि वयाची कसोटी : एका निकषाचा इतिहास (१९५३–२०२४)

१

हृदयाचे कार्य काही काळ अथवा कायमचे यंत्राकडे सोपविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास बहुधा यंत्ररचनेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पंप कसे लहान होत गेले, त्यांतील रक्त गोठण्याचे प्रमाण कसे घटले, रुग्ण खाटेवरून उठून हिंडूफिरू कसा लागला, हा त्या कथनाचा नेहमीचा क्रम होय. परंतु ह्या इतिहासाला दुसरीही एक बाजू आहे. यंत्र कोणास द्यावयाचे आणि कोणास नाकारावयाचे, हा प्रश्न यंत्राइतकाच जुना असून त्याचे उत्तर देताना जे निकष वापरण्यात आले त्यांत वयाचा निकष प्रमुख होय. वय विचारताच कळते. ते मोजण्यास उपकरण लागत नाही. आणि आकडा एकदा ठरला की वादास फारशी जागा उरत नाही. ह्या सोयीमुळेच वयाची कसोटी रूढ झाली. ती कशी उत्पन्न झाली, तिला आधार कोणता मिळाला आणि तो कितपत पक्का होता, हे पाहण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

विषय केवळ वैद्यकीय नाही. 'वय' हा शब्दच मुळात दुहेरी अर्थाचा आहे. मराठीत मुलगी 'वयात येते' तेव्हा तारुण्याचा आरंभ होतो आणि आजोबांचे 'वय झाले' असे म्हटले म्हणजे आयुष्याचा उतार सुचविला जातो. एकच शब्द शक्तीच्या उदयाला आणि तिच्या ऱ्हासाला लावला जातो. संस्कृतातील 'वयस्' ह्या शब्दालाही शक्ती, तारुण्य आणि आयुष्याची वर्षे असे अर्थ आहेत. शरीराची झीज दर्शविण्यासाठी भाषेने 'जरा' हा स्वतंत्र शब्द राखून ठेवला. वर्षांची संख्या आणि शरीराची झीज ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद भाषेला पूर्वीपासून ठाऊक होता. वैद्यकाला तो आकडेवारीच्या वाटेने पुन्हा शोधून काढावा लागला, असे पुढील हकिकतीवरून दिसून येईल.

२

६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फिया येथे जॉन गिबन ह्यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने हृदयातील जन्मजात छिद्र यशस्वीपणे बंद केले. रुग्ण १८ वर्षांची तरुणी होती आणि २६ मिनिटे तिच्या हृदयाचे व फुप्फुसांचे कार्य सर्वस्वी यंत्राने केले. येथे वयाचा प्रश्न उद्भवण्याचे कारणच नव्हते, कारण जन्मजात दोषाचा रुग्ण स्वाभाविकपणेच तरुण असावयाचा. हीच गोष्ट पुढील दशकाविषयीही बऱ्याच अंशी खरी आहे. १९६६ साली ह्यूस्टन येथे मायकेल डिबेकी ह्यांनी शस्त्रक्रियेनंतर दुबळ्या झालेल्या हृदयास दहा दिवस बाह्य पंपाचा आधार देऊन जो रुग्ण वाचविला ती ३७ वर्षांची स्त्री होती. १९६७ साली ब्रुकलिन येथे एड्रियन कँट्रोविट्झ ह्यांनी महारोहिणीत फुगा बसवून हृदयाच्या ठोक्याशी मेळ राखीत तो फुगविण्याची युक्ती प्रथम वापरली, ती ४५ वर्षांच्या स्त्रीवर. ४ एप्रिल १९६९ रोजी डेंटन कूली ह्यांनी संपूर्ण कृत्रिम हृदय प्रथमच मानवी छातीत बसविले, त्या रुग्णाचे वय ४७ होते. ते हृदय ६४ तास चालले, नंतर मानवी हृदयाचे प्रत्यारोपण झाले, पण रुग्ण लवकरच दगावला.

ह्या सर्व प्रसंगांत यंत्र हा तातडीचा उपाय होता. समोर मरणोन्मुख मनुष्य असताना त्याचे वय विचारण्यास सवड नव्हती. वयाची मर्यादा प्रथम पुढे आली ती अन्य दिशेने, म्हणजे जेथे साधन तुटपुंजे आणि उमेदवार पुष्कळ होते तेथे. १९४३ मध्ये विलेम कोल्फ ह्यांनी कृत्रिम मूत्रपिंड निर्माण केले. त्याचा दीर्घकालीन उपयोग १९६० नंतर सिॲटल येथे शक्य झाला, तेव्हा रुग्णांच्या निवडीसाठी नागरिकांची एक समिती नेमण्यात आली. ह्या समितीपुढे नावे जाण्यापूर्वीच वैद्यांच्या सल्ल्याने ४५ वर्षांवरील रुग्ण आणि लहान मुले वगळण्यात येत असत. १९६२ मध्ये ह्या समितीची हकीकत वृत्तपत्रीय लेखनातून जगापुढे आली आणि तिच्यावर पुष्कळ टीका झाली. त्याच कोल्फ ह्यांनी १९५७ मध्ये तेत्सुझो आकुत्सु ह्यांच्यासह कुत्र्याच्या छातीत कृत्रिम हृदय बसवून त्यास सुमारे दीड तास जिवंत ठेवले होते, हा योगायोग लक्षणीय आहे. मूत्रपिंडाच्या बाबतीत जो प्रश्न उद्भवला तोच काही वर्षांनी हृदयाच्या बाबतीतही उद्भवणार होता.

३

३ डिसेंबर १९६७ रोजी केप टाउन येथे क्रिस्तियान बर्नार्ड ह्यांनी मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले. अडीच महिन्यांच्या आत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन ह्यांनी तीच शस्त्रक्रिया केली. रुग्ण काही तासांतच मृत्यू पावला, तथापि जगातील आरंभीच्या मोजक्या प्रयत्नांत तिची गणना होते. प्रत्यारोपणामुळे हृदय ही दात्याकडून मिळणारी आणि म्हणून अत्यंत दुर्मिळ अशी वस्तू ठरली. शिवाय परकीय अवयवास शरीराने नाकारू नये म्हणून द्यावी लागणारी औषधे संसर्गाला वाट मोकळी करून देत. ह्या दोन कारणांनी आरंभीच्या केंद्रांनी उमेदवारांच्या वयास पन्नाशीच्या आसपास मर्यादा घातली. दुर्मिळ वस्तू जिला अधिक काळ उपयोगी पडेल अशा व्यक्तीस द्यावी, हा विचार त्यामागे होता. तो सर्वस्वी अयोग्य म्हणता येणार नाही. परंतु तो दुर्मिळतेचा विचार होता. शरीर शस्त्रक्रिया सोसेल किंवा नाही, ह्याचा नव्हे. पुढे हे दोन विचार एकमेकांत मिसळले आणि त्यांतून बराच गोंधळ उत्पन्न झाला.

यंत्राच्या बाबतीत ह्या मर्यादेचा परिणाम मोठा विलक्षण झाला. २ डिसेंबर १९८२ रोजी युटा विद्यापीठात विल्यम डिव्हरीज ह्यांनी 'जार्व्हिक-७' हे कृत्रिम हृदय बार्नी क्लार्क ह्या ६१ वर्षांच्या दंतवैद्यास बसविले. प्रत्यारोपणाच्या तत्कालीन मर्यादेपेक्षा वय अधिक असल्यामुळेच ते यंत्राकडे वळले होते. त्यांची फुप्फुसेही आधीच रोगग्रस्त होती. अवजड वायुचालक यंत्रास नळ्यांनी जखडलेल्या अवस्थेत ते ११२ दिवस जगले. उलटपक्षी, १९८५ साली टूसॉन येथे जॅक कोपलंड ह्यांनी तेच यंत्र २५ वर्षांच्या तरुणास बसविले, ते दात्याचे हृदय मिळेपर्यंतचा तात्पुरता आधार म्हणून. आणि काही दिवसांतच त्याचे प्रत्यारोपण पार पडले.

अशा रीतीने एकाच यंत्राचे दोन उपयोग निर्माण झाले आणि त्या उपयोगांना दोन नावेही मिळाली. तरुण रुग्णाच्या बाबतीत यंत्र हा प्रत्यारोपणापर्यंतचा 'सेतू' ठरला. वृद्धाच्या बाबतीत तोच 'अंतिम मुक्काम' ठरला. ही दोन्ही रूपके प्रवासाची आहेत, परंतु कोणता प्रवासी सेतूवर आणि कोणता मुक्कामावर, ह्याचा निर्णय पुष्कळदा वयाने आधीच झालेला असे. परिणामी, सेतू म्हणून बसविलेल्या यंत्राची फलश्रुती चांगली आणि मुक्काम म्हणून बसविलेल्या यंत्राची हलकी, असे जे आकडे पुढे येत राहिले, त्यांत यंत्राचा वाटा किती, वयाचा किती आणि वयाखेरीज अन्य आजारांचा किती, हे वेगळे करणे दुष्कर होऊन बसले.

४

ह्या गुंत्यात पद्धतशीर प्रयोगाचा प्रकाश प्रथम पडला तो २००१ साली. 'रीमॅच' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी चाचणीत प्रत्यारोपणास अपात्र असे १२९ रुग्ण घेण्यात आले. ६८ जणांना डाव्या जवनिकेस साहाय्य करणारा पंप आणि ६१ जणांना केवळ औषधे, अशी चिठ्ठी टाकून वाटणी झाली. दोन्ही गटांचे सरासरी वय ६६ ते ६८ होते. एक वर्षाअखेर पंपाच्या गटातील ५२ टक्के आणि औषधांच्या गटातील २५ टक्के रुग्ण जिवंत होते. दोन वर्षांअखेर हेच प्रमाण २३ आणि ८ टक्के असे उतरले. ज्यांना वय झाले म्हणून प्रत्यारोपणाच्या दारातून परत पाठविले जात होते, त्यांचेही आयुष्य यंत्राने वाढू शकते, हे येथे प्रथमच सिद्ध झाले.

ह्या चाचणीचे दोन तपशील सूक्ष्म वाचनास पात्र आहेत. पहिला मृत्यूंच्या कारणांचा. पंपाच्या गटात जंतुदोष आणि स्वतः यंत्राचा बिघाड ही मृत्यूची दोन प्रमुख कारणे होती. म्हणजे दुसऱ्या वर्षाचा निराशाजनक आकडा वार्धक्याच्या माथी मारण्यापूर्वी यंत्राच्या अपूर्णतेचा विचार करणे प्राप्त होते. दुसरा तपशील पात्रतेचा. ६५ वर्षांवरील रुग्ण केवळ वयाच्या कारणाने चाचणीत येऊ शकत. परंतु त्याहून लहान रुग्णास प्रवेश मिळावयाचा तर त्यास मूत्रपिंडाचा जुना विकार, अवयवांची हानी झालेला मधुमेह किंवा तत्सम गंभीर अडचण असणे आवश्यक होते. म्हणून ह्या चाचणीतील 'तरुण' आणि 'वृद्ध' ह्यांची तुलना करणे म्हणजे एका अर्थी आजारी तरुणांची आणि तुलनेने सुदृढ वृद्धांची तुलना करणे होय. वयाचा शुद्ध परिणाम अशा तुलनेतून हाती लागत नाही.

पहिला मुद्दा किती खरा होता हे पुढील यंत्रांनी दाखविले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ठोके देणाऱ्या जुन्या पंपाची सतत प्रवाह देणाऱ्या नव्या पंपाशी तुलना करण्यात आली. २०० रुग्णांच्या ह्या चाचणीत दोन वर्षांअखेर नव्या पंपाच्या गटातील ५८ टक्के, तर जुन्याच्या गटातील २४ टक्के रुग्ण जिवंत राहिले. पुढे चुंबकीय बलाने तरंगत फिरणाऱ्या चक्राचा 'हार्टमेट ३' हा पंप आला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांअखेर त्याच्या रुग्णांपैकी ५८.४ टक्के जिवंत होते, तर आधीच्या 'हार्टमेट २' पंपाच्या रुग्णांपैकी ४३.७ टक्के. व्यक्तींच्या उदाहरणावरूनही हेच दिसते. २००० सालच्या जूनमध्ये ऑक्सफर्ड येथे पीटर हॉटन ह्यांना सतत प्रवाहाचा लहान पंप कायमचा म्हणून बसविण्यात आला. त्यांचेही वय ६१ होते, म्हणजे क्लार्क ह्यांच्याइतकेच. ते सात वर्षांहून अधिक जगले. दोघांचे आजार सारखे नव्हते आणि दोन उदाहरणांवरून नियम सिद्ध होत नाही. तथापि ६१ ह्या आकड्याच्या पोटात ११२ दिवस आणि सात वर्षे ह्या दोन्ही गोष्टी मावू शकतात, एवढे ह्यावरून निश्चित म्हणता येते.

५

तीव्र हृदयजन्य शॉकच्या बाबतीत वयाच्या कसोटीचा इतिहास याहूनही बोधप्रद आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या 'शॉक' नावाच्या चाचणीत हृदयविकाराच्या झटक्यानंतर शॉकमध्ये गेलेल्या ३०२ रुग्णांत, तातडीने रक्तवाहिन्या मोकळ्या करणे आणि आधी औषधांनी स्थैर्य आणणे ह्या दोन मार्गांची तुलना होती. दोन्ही गटांतील ८६ टक्के रुग्णांना महारोहिणीतील फुग्याचा आधार देण्यात आला होता. ७५ वर्षांखालील रुग्णांत तातडीच्या उपायाने तीस दिवसांतील मृत्यू ५६.८ टक्क्यांवरून ४१.४ टक्क्यांवर आले. ७५ वर्षे व त्यापुढील रुग्णांत मात्र चित्र उलटे दिसले. तातडीच्या गटात ७५ टक्के, तर दुसऱ्या गटात ५३.१ टक्के मृत्यू झाले. ह्या आधारावर २००४ सालच्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांत ७५ वर्षांखालील रुग्णांसाठी तातडीच्या उपायाची ठाम शिफारस आणि त्यावरील निवडक रुग्णांसाठी सौम्य शिफारस, असा भेद करण्यात आला.

परंतु ७५ वर्षांवरील हे रुग्ण होते तरी किती? एकूण ५६; पैकी २४ एका गटात आणि ३२ दुसऱ्या गटात. म्हणजे ती टक्केवारी २४ पैकी १८ आणि ३२ पैकी १७ मृत्यूंची होती. पुढील परीक्षणात असेही आढळले की, तातडीच्या गटात गेलेल्या वृद्धांची हृदये मुळातच अधिक दुबळी होती. इतक्या लहान गटांत चिठ्ठी टाकूनही समतोल साधला गेला नव्हता. त्याच काळातील शॉकच्या रुग्णांची जी नोंदवही ठेवण्यात आली होती तिच्यात तर विरुद्ध चित्र दिसले. वैद्यांनी ज्या थोड्या वृद्धांसाठी तातडीचा उपाय योजिला त्यांत रुग्णालयातील मृत्यू ४८ टक्के, आणि उरलेल्यांत ८१ टक्के होते. अर्थात हा पुरावाही निर्दोष नव्हे. वैद्यांनी निवडले ते आधीच बळकट असणार. चाचणीत नशिबाने दुबळे वृद्ध एका बाजूस गेले आणि नोंदवहीत वैद्यांच्या नजरेने सबळ वृद्ध एका बाजूस काढले. दोन्हीकडे वय तेच, ७५ च्या पुढचे. निष्कर्ष मात्र परस्परविरोधी. ह्या विरोधाचा उलगडा एकाच रीतीने होतो. निकाल ठरविणारी गोष्ट वर्षांच्या संख्येत नसून तिच्या आड लपलेली होती.

वयाला पुढे आकड्यांच्या गणितात स्थान मिळाले. २०१५ साली, शरीराबाहेर रक्तास प्राणवायू पुरवून अभिसरण चालविणाऱ्या यंत्रावरील ३,८४६ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदींवरून 'सेव्ह' ही गुणपद्धती तयार झाली. ह्या रुग्णांपैकी ४२ टक्के जिवंत घरी गेले. तिच्यात १८ ते ३८ वर्षांच्या रुग्णास ७, ३९ ते ५२ वर्षांच्या रुग्णास ४, ५३ ते ६२ वर्षांच्या रुग्णास ३ आणि ६३ व त्यापुढील रुग्णास शून्य गुण मिळतात. जुन्या पद्धतीशी ताडून पाहता ही प्रगतीच होय, कारण येथे वय हा दरवाजा राहिलेला नाही. अनेक मापांपैकी ते एक माप झाले आहे. मूत्रपिंडाच्या जुन्या विकाराबद्दल ६ गुण वजा होतात. म्हणजे मूत्रपिंड निकामी असलेल्या तिशीतल्या रुग्णाचे वयाचे गुण जवळजवळ सर्वच खर्ची पडतात. तथापि एक त्रुटी राहतेच. ६३ वर्षांचा आणि ८० वर्षांचा मनुष्य ह्या पद्धतीत एकाच शून्यावर उभे आहेत.

पंपाचे अलीकडील निष्कर्षही वयाच्या संदर्भात तपासून पाहण्याजोगे आहेत. फुग्याच्या उपयोगाने तीस दिवसांतील मृत्यूंत लक्षणीय फरक पडत नाही, असे २०१२ साली ६०० रुग्णांच्या जर्मन चाचणीत आढळले. मृत्यूंचे प्रमाण ३९.७ आणि ४१.३ टक्के होते. २०२३ साली बाह्य अभिसरण यंत्राच्या चाचणीतही हे प्रमाण ४७.८ आणि ४९ टक्के, म्हणजे जवळजवळ समान, निघाले. २०२४ साली मात्र डेन्मार्क, जर्मनी व ब्रिटन येथील चाचणीत, काळजीपूर्वक निवडलेल्या रुग्णांत हृदयाच्या आत बसविण्याच्या सूक्ष्म पंपाने १८० दिवसांतील मृत्यू ५८.५ टक्क्यांवरून ४५.८ टक्क्यांवर आणले. त्याची किंमत म्हणून रक्तस्राव आणि पायाच्या रक्तपुरवठ्यातील अडथळे वाढले. ज्या रुग्णांच्या रोहिण्या वयाने कठीण झालेल्या असतात त्यांना ही किंमत अधिक मोजावी लागण्याचा संभव उघड आहे.

६

वयाचा परिणाम खोटा आहे, असा ह्या विवेचनाचा अर्थ नाही. अमेरिकेत २००६ पासून चालविल्या गेलेल्या दीर्घकालीन पंपांच्या नोंदवहीत अधिक वय हे मृत्यूचे स्वतंत्र कारण म्हणून वारंवार आढळले आहे. ह्या परिणामाच्या काही वाटाही उलगडल्या आहेत. सतत फिरणाऱ्या पंपातील घर्षणाने रक्तातील व्हॉन विलेब्रांड ह्या घटकाचे लांब रेणू तुटतात आणि रक्त थांबण्याची शक्ती उणावते. वाढत्या वयात आतड्यांतील बारीक रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या व ठिसूळ होण्याचे प्रमाण वाढलेले असते. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे आतड्यांतील रक्तस्राव होतो. म्हणूनच तो वृद्धांत अधिक दिसतो. परंतु ह्याच नोंदींत पंपात गुठळी होण्याचा धोका तरुणांत अधिक असल्याचेही आढळले, आणि चालण्याची शक्ती व जीवनाचे समाधान ह्यांत होणारी सुधारणा वृद्धांच्याही वाट्यास येते असे दिसून आले. वय एकाच दिशेने काम करीत नाही.

येथे आयुष्याच्या दुसऱ्या टोकाकडे दृष्टी टाकणे उद्बोधक ठरते. १९९० साली बर्लिन येथे बालकांसाठी शरीराबाहेरील पंपाचा उपयोग सुरू झाला. त्याची जी अमेरिकी चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली तिच्यात प्रत्येकी २४ मुलांचे दोन गट होते. ते वर्षांवरून केलेले नव्हते. शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावरून केलेले होते. पंपाच्या दृष्टीने महत्त्वाचे काय, तर शरीर केवढे आणि त्यात रक्त किती. बालकांच्या बाबतीत शास्त्राने वय बाजूस ठेवून त्यामागील खरी गोष्ट मोजली. वृद्धांच्या बाबतीत मात्र वर्षांचा आकडाच दीर्घकाळ खऱ्या गोष्टीच्या जागी बसून राहिला.

ती खरी गोष्ट मोजण्याचा प्रयत्न २००१ साली लिंडा फ्रीड आणि त्यांचे सहकारी ह्यांनी केला. नकळत घटलेले वजन, थकवा, हाताच्या पकडीची दुर्बलता, चालण्याची मंद गती आणि अल्प हालचाल, ह्या पाच लक्षणांपैकी तीन असतील तर व्यक्ती जर्जर समजावी, असे त्यांनी सुचविले. 'जर्जर' आणि 'जरा' हे दोन्ही शब्द झिजणे ह्या अर्थाच्या एकाच धातूपासून आले आहेत. भाषेने वयापासून वेगळी ठेवलेली कल्पनाच येथे मापनाच्या कक्षेत आली. हृदयविकाराच्या रुग्णांत मात्र आणखी एक भेद करावा लागतो. काही जर्जरता हृदय निकामी झाल्यामुळेच आलेली असते आणि रक्ताभिसरण सुधारताच ती ओसरू शकते. काही जर्जरता सर्व शरीराच्या झिजेतून आलेली असते आणि तिच्यावर पंपाचा इलाज चालत नाही. पहिल्या प्रकारच्या रुग्णास यंत्र नाकारणे म्हणजे ज्याला औषध लागू पडणार त्यालाच ते न देणे होय. दुसऱ्यास ते देणे म्हणजे त्याच्या शेवटच्या महिन्यांवर शस्त्रक्रियेचे ओझे लादणे होय. जन्मतारीख हा भेद सांगू शकत नाही.

७

सारांश, सत्तर वर्षांच्या ह्या इतिहासात वयाच्या कसोटीची तीन रूपे दिसतात. दुर्मिळ हृदयांच्या वाटपासाठी ती प्रथम दरवाजा म्हणून आली. नंतर चाचण्यांतून तिला शास्त्रीय आधार मिळाल्यासारखे वाटले, पण तो आधार कधी ५६ रुग्णांचा, कधी विषम गटांचा निघाला. शेवटी ती गुणपद्धतीतील एक माप झाली. आंतरराष्ट्रीय हृदय-प्रत्यारोपण संस्थेने २००६ साली सत्तर वर्षांपर्यंतच्या रुग्णांचा विचार करावा आणि त्यापुढील निवडक रुग्णांचाही करण्यास हरकत नाही, असे म्हटले. आरंभीची पन्नाशी चाळीस वर्षांच्या आत वीस वर्षांनी पुढे सरकली. ह्या काळात मानवी शरीर बदलले नाही. शस्त्रक्रिया, औषधे आणि यंत्रे बदलली. जी मर्यादा निसर्गाची मानली जात होती ती बव्हंशी साधनांची होती, हे ह्यावरून स्पष्ट होते.

म्हणून वयाविषयीचा कोणताही आकडा वाचताना तीन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. हे वृद्ध कोणी व कशावरून निवडले? त्यांची तुलना ज्या तरुणांशी केली ते कोणत्या वाटेने गटात आले? आणि ज्या यंत्रावरून निष्कर्ष काढला ते आज वापरात आहे काय? ह्या प्रश्नांची उत्तरे न घेता काढलेली वयोमर्यादा ही एका कालखंडातील यंत्राची मर्यादा दुसऱ्या कालखंडातील माणसावर लादते. तिचा परिणाम कागदावर राहत नाही. तो अतिदक्षता विभागात, नातेवाइकांना बाहेर बोलावून उच्चारलेल्या 'आता त्यांचे वय झाले' ह्या तीन-चार शब्दांत पोहोचतो. हे शब्द कधी खरे असतात. ते खरे आहेत की नाही हे प्रत्येक वेळी त्या व्यक्तीच्या शरीराकडे पाहून ठरवावयास हवे, एवढाच ह्या इतिहासाचा निष्कर्ष होय.